बाकड्यावरचा माणूस

स्वप्नाली : स्क्रीनवर त्या बाकड्यावरच्या माणसाला जरा मोठं करा. अजून. हा शर्ट तुमचा हाय.

राजवीर : चौकड्याचे शर्ट काय कमी हाईत कोल्हापुरात?

स्वप्नाली : बाहीला ठिगळ असलेला एकच हाय. लग्नानंतर मीच फडकं केलं त्याचं. कुणी बनवलंय हे हातकणंगले स्टेशन?

राजवीर : सबिनानं. इचलकरंजीची. आम्ही सगळे हौसेनं रेल्वेच्या गेमसाठी इंजिनं, डबे, स्टेशनं बनवायचो. तिला एक प्रवासी पाहिजे होता, मी फोटो पाठवला. लग्नाच्या आधीचं हाय ते.

स्वप्नाली : मी लग्नाआधी एक फोटो मागितला, तर येत न्हाय चांगला म्हटलासा. हितं बरं पाय पसरून चहा पिताय.

राजवीर : अगं, रविवारी ती साइट बंद व्हणार. सगळ्यांची मॉडेलं उतरवून ठेवतोय. न्हाईतर दहा-बारा वर्षांचं काम पुसून जाईल.

स्वप्नाली : हे एक जाऊ दे.

राजवीर : असलं स्टेशन परत कोण करणार न्हाय. नळाखालचं शेवाळ बघ की.

स्वप्नाली : बघितलं. मग तुम्हाला तेवढं काढा त्यातनं.

राजवीर : बनवणाऱ्याला विचारल्याबिगर आम्ही एक खिळाबी हलवत न्हाय. नुसतं ठेवायचं म्हटलं तरी तिची परवानगी लागती. सहा मेल केले, उत्तर न्हाय.

स्वप्नाली : सहा.

राजवीर : आता त्यात मोजण्यासारखं काय हाय?

स्वप्नाली : नंबर असलच की.

राजवीर : हाय. पण तू समोर असताना लावू कसा, आणि नसताना लावला तर तू काय म्हणशील?

स्वप्नाली : सांगा. माझ्या फोनवरनं लावते.

(फोन स्पीकरवर.)

स्वप्नाली : सबिना का? मी कोल्हापुरातनं बोलतीय. राजवीरची बायको.

सबिना : अगं बाई, राजवीरची? बोला की वहिनी.

स्वप्नाली : तुमचं हातकणंगले ह्यांना जपून ठेवायचंय. साइट बंद व्हतीया.

सबिना : ते अजून हाय? मेल कुठलं बघतीय मी. जुळी झाल्यापासनं कॉम्प्युटरवर लंगोटांचा ढीग असतोय. ठेवा की. माझं नाव तेवढं राहू द्या त्यावर.

स्वप्नाली : आणि बाकड्यावरनं आमच्या ह्यांना काढायचंय.

सबिना : काढा की. तुमचंच माणूस हाय.

स्वप्नाली : वाईट न्हाय ना वाटणार?

सबिना : त्याचं काय वाटायचं? त्यो नुसता बसलाय. माझा जीव त्या ग्लासात हाय वहिनी. काचेतनं चहा दिसायला पाहिजे म्हणून तीन आठवडे गेलते माझे. ग्लास तेवढा राहू द्या. ठेवते, एक रडाय लागलं.

स्वप्नाली : आमचंबी उठलं बघा.

राजवीर : मिळाली परवानगी. काढू मग?

स्वप्नाली : आधी बाळाला घ्या.

राजवीर : घेतो. पण काढू का?

स्वप्नाली : नको. ग्लास अधांतरी लोंबायचा.