रामधन, वैयक्तिक संवाद

(वणीतलं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान, दुपारचे सव्वाचार. शादाब दुकानाचा मालक. अर्पिता भूगर्भशास्त्राची प्राध्यापक. तिचा शोधनिबंध तो मांडून देतो आहे.)

शादाब : तीस संदर्भ बसले मॅडम, स्वल्पविरामासकट. हा एकतिसावा तेवढा अडून बसला. याले ना पान नंबर, ना प्रकाशक. काय चीज हाय ही?

अर्पिता : चीज नाही, माणूस आहे. रामधनभाऊ. मारेगावकडं त्यांच्या शेतात एक जुनी पडीक विहीर आहे. दर अवसेला तिच्यातलं पाणी मोजतात आणि मला फोन करतात. छापील काहीच नाही, म्हणून 'वैयक्तिक संवाद' लिहिलं.

शादाब : म्हणजे तीस विद्वान अन् एक रामधनभाऊ.

अर्पिता : हसू नकोस. त्या तिसांना काढलं तरी निबंध उभा राहतो. यांना काढलं की संपला. दिवाळीनंतर सगळ्या विहिरी आटत जातात, आणि यांचीच तेवढी भरते आहे. हाच तर माझा शोध.

शादाब : पाच वाजेपर्यंत पाठवाचा हाय न?

अर्पिता : पाचला मुदत संपते. हा छापून नाही आला तर पीएचडीची नोंदणी रद्द. सात वर्षं घातलीत रे मी यात.

शादाब : कायले रद्द होते! मी बसलो हाव न. फक्त नियमावलीत लिवलं हाय का अशा संवादाची एकेक तारीख पाह्यजे, अन् सांगणाऱ्याची लेखी परवानगी.

अर्पिता : तारखा या वहीत आहेत. त्यांनी सांगितलं तसं फोनवरच उतरवून घेतलंय. तू टाईप कर, मी परवानगीचं विचारते त्यांना... बंद लागतोय.

शादाब : पोळ्याची अवस, बारा हात खाली. सर्वपित्री, तेरा हात खाली. दिवाळी, दहा हात वर. मॅडम, हे 'वर' काय हाय?

अर्पिता : वरून दहा हात, असं म्हणायचं असेल. बोलायची लकब. तू आकडा घे.

शादाब : पुढच्या अवसेले नऊ हात वर. मंग आठ वर, सात वर, सहा वर. तुमच्या तक्त्यात निसते आकडे हायेत.

अर्पिता : म्हणजे पाणी काठाच्या जवळ जवळ येतंय. तेच तर म्हणते आहे मी.

शादाब : मॅडम, माहे अब्बा तीस वर्सं मोटरपंप दुरुस्त करत आले. लहानपणी मी विहिरीच्या काठावर बसून त्याईची दोरी धरो. काठावरचा माणूस म्हंते, पाणी एवढं खाली. 'वर' असं फक्त खालचा माणूस म्हंते.

अर्पिता : खालचा म्हणजे?

शादाब : आत उतरलेला. विहीर किती खोल हाय?

अर्पिता : चोवीस हात. पहिल्याच तक्त्यात आहे.

शादाब : चोवीसातून दहा गेले, चौदा. नऊ गेले, पंधरा. मंग सोळा, सतरा, अठरा. पोळ्याले बारा, सर्वपित्रीले तेरा. आता लावा पुढं.

अर्पिता : बारा, तेरा, चौदा, पंधरा...

शादाब : विहीर भरून नाही राह्यली मॅडम. बाकीच्यासारखीच आटून राह्यली. निसतं मोजणं तळातून चालू हाय.

अर्पिता : तळाशी जाऊन कोण मोजेल? अंगावर दहा हात पाणी असताना?

शादाब : तेच तर मी इचारून राह्यलो.

अर्पिता : थांब. घाबरवू नकोस मला.

शादाब : मीच घाबरलो हाव. फोनवर काय बोलत ते?

अर्पिता : आधी खूप बोलायचे. पोरगा पिंटू, कापूस, सगळं. दिवाळीपासून एकच वाक्य. "मॅडम, पाणी दहा हात वर. बरोबर मोजलं." आणि फोन बंद. मला वाटलं, मी रागावले होते म्हणून तुटक बोलतात.

शादाब : कायले रागावल्या होत्या?

अर्पिता : आकडे अंदाजे वाटले मला. म्हटलं, काठावरून दोरी सोडून चालणार नाही, खाली उतरून पाण्याला टेकवून मोजा. मीच म्हटलं, शादाब.

शादाब : त्याईच्या घरच्याईचा नंबर हाय?

अर्पिता : बायकोचा आहे. कोकिळाबाई.

शादाब : लावा. दोघाईले आयकू येईन असा ठेवा.

अर्पिता : हॅलो, कोकिळाबाई? मी अर्पिता बोलते, वणीहून. विहिरीच्या पाण्याचं काम करते ती.

कोकिळा : बोला मॅडम. तुमच्याच पायी तर झालं सारं.

अर्पिता : काय झालं?

कोकिळा : दिवाळीच्या सकाळी निघाले पाणी मोजाले. म्या म्हटलं, सणाचा दिवस हाय, राहू द्या. म्हणे मॅडमनं सांगतलं. त्याच्यावरून भांडण झालं. तवापासून घरी नाईत. रागावले का आदिलाबादकडं जातेत, कापसाच्या जिनिंगमंधी. महिना-दोन महिन्यानं येतेत. औंदा नाही आले.

अर्पिता : फोन?

कोकिळा : त्याईच्याच खिशात हाय. दिवाळीपासून बंद हाय.

अर्पिता : मला... मला आला होता त्यांचा फोन.

कोकिळा : कवा?

अर्पिता : दर अवसेला. पाच वेळा.

कोकिळा : म्हणजे बरे हायेत! अगं बाई! लोकं काय काय बोलून राह्यले होते इथं. मॅडम, मी रोज ताट वाढून ठेवतो त्याईचं, पिंटू हासते मले. पण तुमाले फोन, अन् मले एक नाई? असा कोनता राग?

शादाब : मावशी, मी शादाब, मॅडमच्या संगं हाव. ती विहीर कशी हाय आता?

कोकिळा : कशी म्हंजे? पडीकच हाय. दिवाळीत तिचा एक काठ खचला, सारे दगड आत गेले. आता मोजाची दोरी बी दिसत नाई काठावर.

शादाब : कोन्या दिवशी खचला?

कोकिळा : कोनाले मालूम! सणाच्या गडबडीत कोन जाते तिकडं? भाऊबीजेले गुराख्यानं पाह्यलं. का बरं?

शादाब : मॅडम... साडेचार झाले. पाठवाचा असन तर आत्ताच पाठवा लागन.

अर्पिता : बंद कर ते.

शादाब : सात वर्सं हायेत मॅडम.

अर्पिता : बंद कर म्हणते ना! कोकिळाबाई, तुम्ही आहात कुठं आत्ता?

कोकिळा : विहिरीपाशीच. गावात रेंज नाई, त्याईच्या फोनसाठी आता रोज इथं येऊन बसतो. मॅडम, तुमचा आवाज असा काहून झाला? रडून राह्यल्या काय?

अर्पिता : काठापासून जरा लांब बसा. बसलात?

कोकिळा : बसली.

अर्पिता : तो राग नव्हता, कोकिळाबाई. ते आदिलाबादला गेलेच नाहीत. माझ्या सांगण्यावरून खाली उतरले, आणि काठ त्यांच्यावर आला. ते त्या विहिरीतच आहेत. चूक माझी आहे. पोलीस, दगड उचलणारे, सगळ्यांना घेऊन आम्ही निघतोच आहोत.

कोकिळा : पाच फोन आले म्हंता न तुम्ही?

अर्पिता : आले. काय म्हणू मी? आकडे सांगितले त्यांनी. बरोबर आहेत ते.

कोकिळा : कधी येते पुढची अवस?

शादाब : परवा हाय मावशी.

कोकिळा : मंग त्या दिवशी तुम्हीच सांगा त्याईले, मॅडम. बस झालं म्हणा, आता नका मोजू. माह्यं आयकत नाईत ते.