जनतेच्या खुर्च्या

जन्मदाखल्यासाठी मास्तरीणबाई नगरपालिकेच्या अंगणात तासभर ताटकळत होत्या. मास्कमध्ये जीव नुसता गुदमरून गेला होता. अंतर राखायला चुन्याने आखलेल्या पुढच्या वर्तुळातल्या, काखेत चादरीची गुंडाळी धरलेल्या म्हातारीचा खिडकीतल्या कारकुनापुढे नंबर आला आणि रांग तिथेच अडली.

"साहेब, आमच्या निवाऱ्याची सभा आज आहे ना? कुठंय?"

"वर, मोठ्या सभागृहात."

"बरं, जाते."

"जाते काय! वर चिटपाखरू नाही. साथ आहे ना, आजी. सगळे मेंबर घरून बोलतात, मोबाइलवर."

"मग दिवे कशाला लावलेत? पंखेसुद्धा फिरतायत."

मास्तरीणबाईंनी मान वर केली. खरंच फिरत होते.

"सभा सभागृहातच भरली पाहिजे, असा नियम आहे. म्हणून सकाळी उघडायचं, खुर्च्या मांडायच्या, संध्याकाळी कुलूप."

"खुर्च्या कुणाला?"

"जनतेला. जाहीर सभा असते ती."

"मग मी बसते की."

"जनतेला बंदी आहे! किती वेळा तेच तेच सांगायचं?"

"माझ्यावर कशाला खेकसता? निवारा तुम्ही बंद केलात. तेव्हापासून आम्ही अकरा बायका पुलाखाली पडतोय. वर किती माणसं मावतात?"

"चारशे. अंतर ठेवून शंभर."

"आणि सभेत ठरवतायत काय?"

कारकुनाने वैतागून कागद उलटला.

"तुमच्यासाठी रिकामी जागा शोधतायत."

"सापडली?"

"ही चौथी सभा, आजी. कुठे मिळतच नाहीये हो."