ढोंग पकडायची चाचणी

हॅलो?… हॅलो… कोण, ताई?… हो, हो, मीच बोलतेय. तुमच्या भावाची बायको. ह्या घरात फोन उचलायला दुसरं कोण आहे?… नाही, हे आंघोळीला गेलेत… साडेनऊ वाजले म्हणून काय झालं? कुठे कामावर पोचायचंय त्यांना?

…हो, आला. रिपोर्ट परवाच आला… हो, कळवायला हवं होतं. चुकलंच माझं. मला वाटलं, अपघातानंतरच्या पाच महिन्यांत ज्यांना एकदा जिना चढून वर यायला सवड झाली नाही, त्यांना रिपोर्टची काय घाई असणार!

…नाही, टोमणा नाही. टोमणा मारायचा असता तर बरोबर लागला असता.

…अहो, वेड्यांचा डॉक्टर नव्हे हो! किती वेळा सांगू? मेंदूची चाचणी घेणाऱ्या बाई आहेत त्या… वेडेपणाचा काही संबंध नाही. डोक्याला मार बसल्यावर माणसाचं काय शाबूत राहिलं, काय ढिलं झालं, ते एकेक करून तपासतात. तुम्ही वाण्याकडून डाळ आणताना निवडून बघता की नाही? तसं.

…स्कॅन स्वच्छ होतं, माहितीये मला. ते स्कॅन तुम्ही सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ करून ऐकवलंत. ‘फोटो स्वच्छ आहे, आमचा बाळू ठणठणीत आहे, बायकोनेच घरात बसवून ठेवलाय.’… कुणी सांगितलं कशाला विचारता? सगळ्यांनी सांगितलं!

…अहो ऐका ना. फोटोत मेंदू दिसतो. तो काम कसा करतो ते दिसत नाही. हे लिफ्ट-मेकॅनिक, स्वतःच त्या बाईंना म्हणाले, ‘लिफ्टचा फोटो काढला तर ती मधेच अडकते का, ते थोडंच कळणार? त्यासाठी चालवूनच बघावी लागते.’ बाई हसल्या. म्हणाल्या, ‘मी दोन दिवस तेच करतेय, तुम्हाला चालवून बघतेय.’

…दोन सकाळी. तीन-तीन तास… कोडी नाहीत हो ती! म्हणजे दिसतात कोड्यांसारखी. शब्दांची यादी ऐकवायची, अर्ध्या तासाने परत विचारायची. आकृती बघून तशीच काढायची. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला, तो वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा… सोपं? बरं, सोपं. तुम्ही या करायला. घड्याळ लावून.

…मला? मलाही तासभर बसवलं. आधी स्वभाव कसा होता, झोप कशी आहे, चिडतात का, रडतात का… हो, रडतात, ताई. बाथरूममध्ये नळ सोडून रडतात. तुमचा ठणठणीत बाळू.

…

…नाही, लाइन आहे. मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही, तेच आठवत होतं… सांगू? एकदा मी म्हटलं, ‘जाताना दिवा बंद करा, किल्ली घ्या, येताना ब्रेड आणा.’ तीन कामं. आणि हे दारात उभे. एक मिनिट, दोन मिनिटं, पुतळ्यासारखे उभे. मला उशीर होत होता. मी किल्ल्या फेकून मारल्या. म्हटलं, कामचुकार आहात, घरात बसून फुकट खायची सवय लागलीये. तुमचेच शब्द, ताई. तुमचे शब्द मी माझ्या तोंडाने बोलले. किल्ली गालाला लागली. तर मलाच विचारतात, ‘खरंच मी कामचुकार झालोय का गं?’

…नाही, तुम्हाला नाही कळायचं. पुढचं ऐका.

…ढोंग? अजून ढोंगच? बरं झालं हा विषय तुम्हीच काढलात! त्या चाचण्यांमध्ये ढोंग पकडायची पण एक चाचणी असते… हो, असते! दिसायला अवघड, पण असते इतकी सोपी, की खरंच मार लागलेला माणूसही ती पार करतो. नापास होतो तो फक्त मुद्दाम चुकणारा. तुमचा भाऊ पूर्ण मार्कांनी पास झाला. लेखी आहे, सही-शिक्क्यासकट. ‘रुग्णाने मनापासून प्रयत्न केले.’ मी ते वाक्य तीनदा वाचलं… अशी चाचणी नातेवाइकांसाठीही निघायला हवी होती. प्रेमाचं ढोंग पकडायची. मी तुमचं नाव पहिलं दिलं असतं.

…आपटा फोन, आपटा. पण सांगायचं तेवढं मी सांगणारच.

…हं. आहात अजून.

…हो, मी ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारते. मान्य. शिक्का मारणारीला मेंदूतलं काय कळणार? पण मला वाचता तरी येतं. तुम्ही न वाचताच निकाल लावता. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

…ऐका मग निकाल. आठवण उत्तम. बोलणं-समजणं उत्तम. हात, नजर, हिशोब, सगळं जिथल्या तिथे. म्हणून तर कुणाला काही दिसत नाही! पाहुणा आला, चहा प्याला, गप्पा मारून गेला की म्हणतो, ‘ह्यांना काय धाड भरलीये?’ बिघाड एकाच जागी आहे. एका कामातून दुसऱ्यात जाताना. मधे कुणी हाक मारली की आधीचा धागा सुटतो… आणि तो सुटलाय, हेच त्यांना कळत नाही.

…एक कागद होता. आकडे आणि अक्षरं पसरलेली. एकापासून क, मग दोन, मग ख, मग तीन, मग ग, अशी पेन्सिल न उचलता रेघेने जोडायची. बाईंनी तो आम्हा दोघांसमोर ठेवला. तीनपर्यंत रेघ सरळ. पुढे नुसता गुंता. आणि चारापाशी पेन्सिलीने कागदाला भोक पडलेलं. इतकी दाबून धरली होती… वीस वर्षं ह्यांच्या हातून वायरीचं टोक वाकडं गेलं नाही, ताई!

…काय? सोमवारी? कुठे सोमवारी?

…कोणाशी बोललात? ह्यांच्या कंपनीच्या साहेबांशी? कोणी सांगितलं होतं तुम्हाला बोलायला?… नवीन हॉस्पिटलच्या लिफ्टवर कामाला पाठवायचं ह्यांना? अहो, स्ट्रेचर जातात त्यांतून! ऑपरेशनची माणसं जातात!

…ओळख तुमच्या मिस्टरांची असेल. पडायचं कुणी? मरायचं कुणी?

…रिपोर्ट फाडून टाकू? वा! आणि काय सांगू, तपासणी झालीच नाही? ‘झाकली मूठ’ म्हणे! ह्या मुठीत करंट आहे, ताई, करंट! तिसऱ्या महिन्यात कामावर गेले होते तेव्हा काय झालं, ते साहेबांनी नाही का सांगितलं? पॅनेलवर काम चालू होतं. मधेच फोन वाजला, ह्यांनी घेतला, ठेवला, आणि मेन स्विच वर केला. खाली लिफ्टच्या खड्ड्यात माणूस होता! लिफ्ट खाली यायला लागली, तो कसाबसा भिंतीला चिकटला म्हणून वाचला… ‘वाचला ना’ म्हणजे? वाचला ना, म्हणजे काय? ऐकताय का तुम्ही स्वतःला?

…घरी बसवायला नाही हो सांगितलेलं! नीट लिहिलंय. चालत्या लिफ्टवर आत्ता नको. वर्कशॉपमध्ये, शांत जागी, एका वेळी एकच मोटर, नाहीतर लिफ्टच्या दाराचं एकच कुलूप. भिंतीवर कामांची यादी, झालं की खूण करायची. कंपनीने जागा कशी द्यावी तेही लिहिलंय. सहा महिन्यांनी पुन्हा हीच तपासणी, आत्ताच्या आकड्यांशी ताडून बघायची. सुधारू शकतं, म्हणाल्या… त्यासाठीच तर असतं ते सगळं! शिक्का मारायला नाही, वाट काढायला. तुम्हाला मात्र एकच कळतं. शहाणा की वेडा, कामावर की घरात.

…नाही, लोक काय म्हणतील ह्याचा मला कंटाळा आलाय. रिपोर्ट कपाटात आहे, उद्या सकाळी मी स्वतः जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवणार. करा काय करायचं ते.

…आले. हे आले बाहेर… हो, देते. थांबा… अहो, ताई आहेत. बोलायचंय? नसेल बोलायचं तर नका बोलू… बरं, घ्या.

…

हॅलो… हं, ताई, मी बाळू… हो… बरा आहे… थांब. एक एक विचार, ताई… नाही, आधीचं आधी.

…सोमवारी नाही येत मी.

…ती सांगते म्हणून नाही. खड्ड्यात कोण होतं, माहितीये तुला?… आपला जाड्या. माझ्या लग्नात तुझ्यासमोर जेवायला बसला होता तो. मला म्हणाला, ‘काही झालं नाही रे.’ पण त्याला चहाचा कप धरता येत नव्हता. मी बघितलंय ते. तू नाही बघितलंस.

…थांब ना, ताई. दोन गोष्टी एकदम नको… रिपोर्ट फाडून उपयोग नाही. साहेबांकडे आहे तो… मीच दिला. काल. चालत गेलो, हातात दिला, सही केली… कपाटात आहे ती झेरॉक्स आहे… नाही, हिला पण नव्हतं सांगितलं. तिच्याकडे बघतोय मी आत्ता, तोंड उघडं राहिलंय तिचं.

…लाज? लाज होती, ताई. पाच महिने होती. मला वाटायचं, मी खरंच आळशी झालोय, चांगला माणूस होतो, तो बिघडलो. आता कळलं, मार लागलाय. लिहून दिलंय त्यांनी… रात्री झोप लागली मला… हो, एवढंच सांगायचं होतं… नाही… नाही, ताई… ते मी ऐकणार नाही.

…

‘काय म्हणाल्या?’

‘बोलतच होती अजून.’

‘मग? लाइन गेली?’

‘नाही. मी ठेवला.’