अक्काच्या पायाचं पानी

आमचं माहेर प्रवरेच्या काठचं, संगमनेरच्या वरल्या अंगाला. आमी दोघी बहिनी, आन् दोघींना बी नदीकाठीच दिलं बघा, थोरल्या अक्काला वर अकोल्याकडं, भंडारदऱ्याचं पानी सुटलं की आधी तिच्या दारात, आन् मला खाली देवळाली प्रवऱ्याच्या अंगाला, म्हंजी नदी तीच, पर तिचं गाव आधी, माझं मागून. बाप म्हनायचा, दोघी एका पान्यावर हायेत, मला घोर न्हाई.

काय सांगू तुमाला, अक्का लई खट्याळ. धरनातनं पानी सुटलं की तिचा फोन यायचाच, ए धाकटे, नदीत पाय धुतले बग मी, येतंय पानी, तीर्थ म्हनून घे. मी म्हनायची, ये तर खरं खाली, तंगडंच मोडते तुझं. मंग दोघी हसत बसायचो. पानी आलं की मी हळदीकुंकू वाहून वंजळभर प्यायची, खरंच प्यायची, लेक वरडायचा, आई, घान पानी हाय, कशाला पितीस. आता त्याला काय सांगायचं.

ह्या उन्हाळ्यात अक्का गेली. झोपेतच गेली. माझं गुडघं हे आसलं, येष्टीनं पोचले तवर सरन पेटलं हुतं. तोंड बी बघाया मिळालं न्हाई हो मला. तिसऱ्या दिशी राख नदीत सोडली, म्या मनाला म्हनलं, जाऊ दे, हितं न्हाई भेटली, पानी सुटलं की येईल खाली माझ्याकडं. लेकाला तसं बोलले तर म्हनला, आई, मधी बंधारा हाय, दोन्ही अंगाला कालवं, ती राख कवाच कुनाच्या उसात गेली आसंल. खरं बी आसंल त्याचं, पर आईशी आसं बोलत्यात व्हय? लई रडले मी.

काल पानी आलं. फोन न्हाई आला. मोबाईल मांडीवर घिऊन बसले हुते येड्यावानी, शेजारीन सांगाया आली तवा कळलं. लेकानंच हात धरून खाली नेलं, वरडला न्हाई. गढूळ पानी हुतं. वंजळ भरली, म्हनलं, धुतलंस का गं पाय, अक्का? आन् प्याले.

तुमाला बहीन हाय का? हाय? मंग हे लिवनं ठिवा बाजूला आन् तिला फोन लावा. काय बोलायचं नसलं तरी लावा.