सकाळी कोण दाबतं जाहिरात

...नाही, पैसे गेल्याचं सोडा, पण सकाळी अकराला संपतात म्हणजे काय? तीनशे रुपये रोजचे, त्यात जाहिरात दिवसभर चालायला हवी, आणि आमची जाहिरात अकराला गपगार! शेतकरी काय अकराला मोबाईल बघतो? तुम्हाला सांगते, तो अकराला शेतात असतो. बाराला घरी येतो, जेवतो, खाटेवर आडवा होतो आणि मग मोबाईलवर कापसाचा भाव बघतो. त्या भावाच्या वर, पट्टीत, आमची जाहिरात दिसली पाहिजे, ठिबक संच, पाईप, मोटारपंप, शहादा. ती तोवर कुठे असते? संपलेली असते. कोणी संपवली? तेच तर शोधत होते मी.

आता मी नवी सून, आमच्या मारवाडीत बीनणी. लग्नाला पाच महिने. माहेर अमळनेरचं, बी.कॉम., आणि घरात सगळ्यांचं ठरलेलं मत की प्रियल बोलत नाही. खरंच बोलत नाही. मी बघते. मी बघितलं की पप्पाजी, म्हणजे माझे सासरे इंदरमलजी, सीझनला रिक्षावर भोंगा लावून अख्ख्या तालुक्यात फिरवतात, आणि लोक कानावर हात ठेवतात. तेव्हा मी एकदाच, पोळी वाढता वाढता, म्हणाले की नेटवर जाहिरात देऊन बघू का. पप्पाजींनी पोळी संपवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बीनणी, आखाजीपर्यंत देतो तुला. दुकानात बसून कर. गिऱ्हाईक आलं तर तुझी खुर्ची गल्ल्याशेजारी. नाही आलं तर भोंगा बरा, आणि तू वर घरात बरी." आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, अजून लांब होती. पण तुम्हाला सांगते, ती खुर्ची मी तेव्हाच मनात पुसून ठेवली होती.

जाहिरात बनवली लोणखेड्याच्या अमृतने. कोर्स केलेला मुलगा, अहिराणीशिवाय बोलत नाही. जाहिरातीत काय असावं यावर घरात दोन दिवस चर्चा, आणि शेवटी व्हायचं तेच झालं. आमच्या दुकानाच्या पिशवीवर, पावतीवर, कॅलेंडरवर जे असतं ते, दादासांचा फोटो. दादासा म्हणजे पप्पाजींचे वडील, दुकानाचे मालक, जाऊन अकरा वर्षं झाली. गादीवर बसलेले, पाय पुढे, हात मांडीवर. ठिबक कोपऱ्यात, लहानसं.

पहिल्या दिवशी त्रेचाळीस क्लिक. एका क्लिकचे सात रुपये जातात, हे मला माहीत, अमृतला माहीत. पप्पाजींना एवढंच कळलं की त्रेचाळीस माणसं आली. ते शटरकडे बघत बसले, येतील आता म्हणून. फोन किती आले? एक. तोही कर्जवाल्या कंपनीचा. अमृतला विचारलं तर म्हणतो, "वहिनी, क्लिक येई ऱ्हायनात ना? मंग आखो काय पाहिजे?" गिऱ्हाईक पाहिजे, भाऊ! म्हटलं मनातल्या मनात.

माझ्या नवऱ्याचं, जिनेशचं, निदान तयार होतं. "समोरचा पाईपवाला दाबतोय. आपले पैसे संपवायला मुद्दाम बसून दाबतोय." बरं, असं करतात लोक, नाही असं नाही. पण समोरच्याकडे बटणांचा जुना फोन आहे, तो मी रोज बघते. जिनेशने तरी बदला घेतलाच. जेवण झाल्यावर अर्धा तास पाईपची दिसेल ती जाहिरात दाबत बसला. नंतर बघितलं तर त्यातल्या चार आमच्याच. अठ्ठावीस रुपये, एका रागाचे!

मग मी अमृतकडून पासवर्ड मागून घेतला आणि स्वतः बसले. आपली जाहिरात कुठे कुठे दिसली त्याची यादी असते, कोणी उघडत नाही, मी उघडली. काय दिसलं? माशांना खाऊ घालायचा लहान मुलांचा खेळ. टॉर्चचं ॲप. रंग भरायचं ॲप. चार वर्षांचं पोर मासा पकडायला जातं आणि बोट आमच्या मोटारपंपावर पडतं, सात रुपये. एक भविष्याची साईट होती, तिथून एका मिनिटात अकरा क्लिक, सगळे एकसारख्या अंतराने. माणूस असं दाबतो का? माणूस मध्ये नाक तरी खाजवतो. ते मशीन होतं. सगळे कापले, खेळ, टॉर्च, भविष्य, एकेक करून दोनशे दहा नावं काढली, भाजी निवडायला बसल्यासारखी. वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी पैसे संपले साडेअकराला. म्हणजे तेवढं करून अर्धा तास मिळवला मी.

पण आता चोराला लपायला जागा नव्हती ना. वेळ बघितली तर सगळी झुंबड सकाळी साडेसात ते नऊ. गाव बघितलं तर सुरत, पाली, जोधपूर... आणि शहादा. पालीत कोणाला ठिबक लावायचंय, तेही शहाद्यातून नेऊन? मला काहीच कळेना. आणि समजलं कसं सांगू? चहा देताना.

आमच्या दादीसा, दाखूबाई, ब्याऐंशी वर्षांच्या. सकाळी पूजा झाली, चष्मा लावला, मोबाईल घेतला, कापसाच्या भावाचं पान उघडलं. मी म्हटलं, दादीसांना कापसाचा भाव कशाला? पट्टीत दादासा आले. दादीसांनी डोक्यावरचा पदर नीट केला, बोट पुढे केलं आणि दादासांच्या पायांना लावलं, मग ते बोट कपाळाला. बोट लागलं की दुकानाचं पान उघडणारच. "हे मध्ये काय येतं रोज?" म्हणून त्यांनी ते मिटवलं, आणि धोक, म्हणजे पाया पडून नमस्कार, नीट पोचली नाही म्हणून पुन्हा दिली. चौदा रुपये. चहा निवत होता, मी तशीच उभी.

खाली आले तर पप्पाजी गल्ल्याला हात लावून, उंबऱ्याला हात लावून, तिसरा हात मोबाईलला लावत होते. आणि घराण्याच्या ग्रुपवर, एकशे साठ माणसं, सगळी दादासांना बाऊजी म्हणणारी, महिन्यापूर्वीच लिहून ठेवलेलं, "बाऊजी नेट पर पधारे हैं. सब दर्शन करें." करत होते ना सगळे! त्यात ही जाहिरात अशी की एकदा दाबली की दाबणाऱ्याच्याच मागे फिरते. सुरतच्या चांदनीबाईसा ग्रुपवर लिहितात, मी ढोकळ्याची कृती बघत होते तर बाऊजी आले. जोधपूरवाले लिहितात, आमच्याकडे तर दिवसातून तीनदा येतात, केवढी कृपा. कृपा कसली, माझं बजेट होतं ते!

तेव्हा मात्र मी बोलले. "पप्पाजी, एकेका धोकेचे सात रुपये जातात." पप्पाजींनी मोबाईल गल्ल्यावर ठेवला. "म्हणजे बाऊजींना धोक द्यायची नाही?"

मी वर जाऊन सेटिंग उघडलं. जाहिरात फक्त नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या माणसालाच दिसेल, सुरत-पाली बंद. घरचं आणि दुकानाचं वायफाय वगळलं. मागे मागे फिरणं बंद. सुरुवात सकाळी साडेअकरानंतर. अमृत कळवळला, "वहिनी, क्लिक कमी व्हई जातीन!" होऊ दे म्हटलं.

झाले. त्रेचाळीसचे नऊ झाले, आणि त्या नवात दुपारी एक फोन वाजला. "ताई, मी सुकलाल, कळसाडीहून. मन्हं चार एकर शे, ठिबक लावनं शे, कितला खर्च यी?" मी उभी राहून बोलले त्यांच्याशी. दुसऱ्या दिवशी ते ट्रॅक्टर घेऊन आले, बरोबर दोन शेजारी. आखाजीपर्यंत अकरा संच गेले, भोंगा माळ्यावर गेला, आणि पप्पाजींनी स्वतः खुर्ची उचलून गल्ल्याशेजारी ठेवली.

पण त्याआधी, सेटिंग बदलल्यावर पहिले तीन दिवस मी काय केलं? फोन घेतले. गिऱ्हाइकांचे नव्हे, पालीचे. "बाऊजी कठे गया?" सुरतचे. "बाऊजी दिसत नाहीत, काही चुकलं का आमचं?" जोधपूरच्या काकासांचा तर आवाजच बसलेला. आणि वर दादीसांनी चहा सोडला. रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, दर्शन होईल त्या दिवशी घेईन.

चौथ्या दिवशी मी दुसरी जाहिरात चालू केली. फक्त घरच्यांसाठी. शहाद्यात आमचं घर, सुरत, पाली, जोधपूर, सकाळी साडेसात ते नऊ, रोजचे दीडशे रुपये. त्यातून मी ठिबक काढून टाकलं, नुसते दादासा ठेवले, पाय जरा मोठे करून. अमृत म्हणतो, असा रिपोर्ट त्याने कुठे पाहिला नाही, एकही मशीन नाही, सगळी खरी माणसं, आणि सगळी दुसऱ्या दिवशी परत येतात. आणि तुम्हाला सांगते, साडेसातला पहिले सात रुपये जातात ना, ते माझ्याच बोटाने जातात... सून आहे मी घरची, धोक चुकवून कसं चालेल?