सोनेरी चौकटीतले राष्ट्राध्यक्ष

आम्ही मूळचे हर्णैकडचे, वडील होडीवर होते, मला मात्र समुद्र लागायचा, म्हणून सुताराच्या हाताखाली गेलो आणि तिथून कुवेतला. काय सांगू तुम्हाला, वीस वर्षं एकच काम, फोटोला फ्रेम घालायची. कुवेत शहरातल्या बनेद अल-गार भागात, मागच्या गल्लीत दुकान आहे, मालक कुवेती, चौकटीची पट्टी कापणारा मालवणचा शांताराम, जोडणारा मी इस्माईल. इथे बँकेत जा नाहीतर न्हाव्याकडे, भिंतीवर अमीर असतात आणि शेजारी युवराज. अमीर वारले की जुने फोटो उतरतात, नवे चढतात, त्या दिवसांत आम्हाला जेवायला फुरसत नसते. मला वाटायचं जगात सगळीकडे असंच असतं.

माझा मुलगा रियाझ तिकडे आफ्रिकेत, मोझांबिकला, नांपुला शहरात त्याच्या मामूचं किराणा दुकान चालवतो. दर जुम्म्याला नमाजानंतर व्हिडिओवर बोलतो. एकदा मी पाहिलं, भिंत मोकळी. म्हटलं, अरे तुमच्या राष्ट्राध्यक्षांचा फोटो कुठाय. तो म्हणाला, अब्बा, इथे सरकारी कचेरीत लावतात, दुकानदाराने लावला तर लोक म्हणतील हा त्यांच्या पक्षाचा. मी म्हटलं, चार बुकं शिकलास म्हणून मला शिकवू नकोस, परक्या मुलखात राहायचं तर भिंतीवर धनी असावा. आणि मीच बनवला. सोनेरी पट्टी, चांगली काच, गोधडीत गुंडाळून तिकडे जाणाऱ्या गावच्या माणसाबरोबर पाठवला. शांताराम हसला होता, अरे इस्माईल, त्या सायबाक अमीरापेक्षा जाड पट्टी लावलंस, तुका थंय जमीन लिवन देतलो काय?

मग तिकडे निवडणूक झाली. फोटोतल्या राष्ट्राध्यक्षांची मुदत संपत होती, त्यांच्याच पक्षाचा दुसरा जिंकला असं जाहीर झालं. विरोधी पुढारी म्हणाला मतं चोरली, तो देशाबाहेर गेला आणि तिथून मोबाइलवर भाषणं करायचा, लोक खिडक्यांत भांडी बडवायचे, मग रस्त्यात टायर जळायला लागले, गोळ्या चालल्या, दुकानं फुटली. आणि त्या जुम्म्याला रियाझ बोलत होता, तर त्याच्या डोक्यामागे माझी सोनेरी चौकट. मी म्हणणार होतो, काढ ती, आधी काढ. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला, तो म्हणाला, अब्बा, शटर ओढतो, आणि फोन बंद.

त्यानंतर चार दिवस लागेना. लावला की फोन बंद असल्याचा तोच आवाज, तोच आवाज. टीव्हीवर सगळ्या जगाच्या बातम्या, नांपुलाची नाही. गावाहून बायकोचा फोन, रियाझ उचलत नाही, तुमच्याशी बोलला का? मी म्हटलं, बोलला, बरा आहे. खोटं बोललो. फोटोचं तर तिला सांगितलंच नाही. त्याच आठवड्यात एका शाळेची मोठी ऑर्डर होती, सगळे अमीरांचे फोटो. प्रत्येक चौकट जोडताना मला दिसायचं, माणसं दुकानात शिरतात, भिंतीकडे बघतात, मग रियाझकडे बघतात. तीन काचा फोडल्या मी. शांतारामने मशीन बंद केलं, डबा माझ्यापुढे सरकवला. खाऊन घे रे, फोन येतलो. मी डबा झाकून ठेवला. पोराला मारायचं सामान मीच घडवून पाठवलं, हे मी कोणाला सांगू?

पाचव्या दिवशी फोन आला. रियाझच होता. तो म्हणाला, अब्बा, पहिला टायर जळला त्याच दिवशी मी फोटो उतरवून तांदळाच्या पोत्यामागे ठेवला होता. फक्त जुम्म्याला तुमचा फोन आला की लावायचो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. त्या दिवशी तेवढ्यापुरताच लावलेला, आणि लोक आले. दुकानाच्या पायरीवर एक बाई पाव विकायला बसते, म्हातारी आहे, ती अर्ध्या शटरखालून आत आली, फोटो काढला, जमिनीवर पालथा टाकला, त्यावर आपलं कापड पसरलं आणि पावाची टोपली घेऊन वर बसली. लोकांनी तांदूळ नेला, तेल नेलं, साबण नेला, माझा मोबाइलही नेला. भिंतीवर नुसता खिळा होता. मला कोणी हात लावला नाही. तिच्या वजनाने काच फुटली, मांडीला लागलं, तरी ती उठली नाही.

त्या बाईचं नाव मी रोज नमाजात घेतो. तिकडे आता नवे राष्ट्राध्यक्ष बसलेत. रियाझने पुन्हा माल भरलाय. परवा चेष्टेने म्हणाला, अब्बा, नवा फोटो पाठवताय ना? अल्ला त्यांना चांगलं राज्य करू दे, पण त्यांची चौकट मी बनवणार नाही. इथले फोटो बनवतो, ते माझं काम आहे, फक्त खिळ्याला टांगायला आता शांतारामला पुढे करतो.

आता जुम्म्याला फोन लागला की मी आधी पोराच्या मागची भिंत बघतो. खिळा आहे तिथेच. त्याला तो आपला घामाचा शर्ट टांगतो. मी म्हटलं, राहू दे तसाच.