डंपर येण्याआधीची ओहोटी

मुलगी : आई, तिथे पाय नको! शेवाळ आहे. या खडकावर ये.

आई : एकदा तरी चल म्हणून मागे लागलीस, आणि आता या वयात उड्या मारायला लावतेस. ते इंजिनिअरसाहेब बघ, जीव मुठीत धरून उभे आहेत.

इंजिनिअर : ऐकू येतंय मला, काकू. हे पाहा मॅडम, बैठकीत तुम्ही हटूनच बसलात, म्हणून आलो. समुद्रालगतच्या भिंतीसाठी भरावाचे डंपर वर रस्त्यावर येऊन थांबलेत. मला तर नाला दिसतोय, प्लास्टिक दिसतंय आणि चिखल. इथे वाचवायचं काय?

मुलगी : आधी खाली बसा. उभ्याने नाही दिसणार. या डबक्यात बघा.

इंजिनिअर : बसलो. दगड आहेत.

मुलगी : पाण्यावर सावली पाडू नका. जरा दम धरा.

इंजिनिअर : अरे! हा दगडाचा तुकडा चालला कुठे?

मुलगी : गोगलगाय आहे ती, बिनशंखाची. पाठीवर पिसांसारखं दिसतंय ना, त्यातून श्वास घेते. शेजारचं फूलही फूल नाही, प्राणीच आहे.

आई : अगं बाई, मिटलं की! मी नुसतं बोट जवळ नेलं गं.

मुलगी : उघडेल पुन्हा. साहेब, तिथे हात नका टेकू! ते प्रवाळ आहे. जिवंत.

इंजिनिअर : प्रवाळ? नाल्याच्या तोंडाशी? ते निळ्याशार पाण्यात असतं ना?

मुलगी : हे आपल्या शहरातलं. गढूळ पाण्यात तग धरून आहे. कॉलेजात होते तेव्हापासून मोजतेय मी, दरवर्षी बोटभर का होईना, पसरतंय. तुमची भिंत बरोब्बर याच्यावरून जाते.

इंजिनिअर : पण आमच्या अहवालात तर 'ओसाड किनारा' लिहिलंय.

मुलगी : पाहणी भरतीच्या वेळी केली होती. वरून पाणीच दिसणार.

इंजिनिअर : हं.

(तो उठतो, फोन लावतो.)

इंजिनिअर : हॅलो, मुकादम? डंपर परत पाठव. हो, भरलेलेच. माझ्या जबाबदारीवर. भिंत रस्त्यालगत सरकवू, नवा आराखडा मी काढतो. वरच्या साहेबांनी आरडाओरडा केला तर त्यांना इथे धाड. म्हणावं, खाली बसून बघा.

मुलगी : आई... वळले बघ! सगळेच्या सगळे वळले!

आई : मग रडतेस काय वेडे? जिंकलीस की!

इंजिनिअर : मॅडम, पाणी चढायला वेळ आहे ना अजून? ते पलीकडचं डबकंही दाखवा.

आई : व्हा पुढे, माझा फोन वाजतोय. हॅलो... नाही गं, घरी कुठली! लेकीच्या ऑफिसात आलेय. हो... घोट्यापर्यंत पाणी आहे.